‘बाई’ या हाकेबद्दल

सेनगाव तालुक्यातल्या आमच्या शाळेत सोबती उपक्रम पुन्हा सुरू होतोय. नववी-दहावीच्या मुलामुलींनी सहावीतली चार-पाच लेकरं आपली म्हणायची, आठवड्यातून एकदा त्यांच्याजवळ बसायचं, त्यांचं अडलंनडलं ऐकायचं, एवढंच त्यात असतं. परवाच्या बैठकीला जुना माणूस म्हणून मला बोलावलं. तिथं एक शिक्षक सहज म्हणाले की तांड्यावरच्या मुली सोबती म्हणून नकोत, त्या मध्येच सोडतात, मागच्या वेळचा अनुभव आहे. सगळ्यांनी माना हलवल्या. मागच्या वेळी उपक्रम मी चालवत होतो. तो अनुभव खोटा आहे आणि तो माझ्यामुळे तयार झाला.

निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून मी ते काम घेतलं होतं. नियम मीच घातले. सोबती म्हणजे मास्तर नव्हे. मारायचं नाही, गृहपाठ तपासायचा नाही, रुबाब करायचा नाही. नियम वाईट नव्हते. फक्त ते कोण मोडतंय हे बघत हिंडायची मला उभ्या नोकरीत लागलेली खोड होती.

दहावीतली एक मुलगी जवळच्या बंजारा तांड्यावरून चालत यायची. तिच्याकडे तांड्यावरचीच लेकरं दिली होती. त्यातल्या एका पोरीचे आईबाप ऊसतोडीला गेलेले, ती आजीजवळ राहायची. वर्गात ती तोंडच उघडायची नाही, हजेरीलाही नुसता हात वर करायची. या मुलीजवळ मात्र ती बोलायला लागली. पाण्याच्या टाकीमागं बसून त्यांच्या गोरमाटी बोलीत दोघींचं काहीतरी चालायचं, मध्येच हसू यायचं. पुढं पुढं ती हजेरीला ‘हजर’ म्हणू लागली.

एकदा टाकीवरून जाताना मी ऐकलं, ती सगळी लेकरं त्या दहावीतल्या मुलीला ‘बाई, बाई’ करत होती. शाळेत बाई कोणाला म्हणतात हे मला कोणी शिकवायला नको होतं. माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी परिपाठाला, सगळ्या शाळेसमोर, मी तिला उभं केलं.

“काय गं, दहावी पास व्हायच्या आधीच बाई झालीस? मग आमच्या बाईंनी काय घरी बसावं?”

सगळे हसले. बाईही हसल्या. ती “गुरुजी, आमच्यात...” एवढंच म्हणाली. मी तिला खाली बसायला सांगितलं.

तेव्हापासून पोरं तिला वऱ्हांड्यात ‘आल्या बाई, उभे ऱ्हा’ म्हणून चिडवू लागली. ती सोबत्यांत यायची बंद झाली. लहान पोर काही दिवस एकटीच टाकीमागं जाऊन बसायची. तिला मी गावातली दुसरी हुशार सोबती दिली. तिच्यासमोर पोर पुन्हा नुसता हात वर करू लागली आणि मग शाळेतच येईनाशी झाली.

त्यानंतर एकदा सेनगावच्या जीपमध्ये तिची आजी माझ्याशेजारी बसली. नात शाळेत का येत नाही, असं मी विचारलं.

“तिची बाई येत न्हाई, मंग ती काहून यील?”

बाई तर रोज शाळेत असतात, मी म्हटलं. तशी म्हातारी माझ्याकडे वळली.

“तुमची बाई न्हाई, गुरुजी. आमच्यात थोरल्या बहिणीला बाई म्हंत्यात. इतकी वर्सं तांड्याची लेकरं शिकवली, तुमाला ठावं न्हाई व्हय?”

ठाऊक नव्हतं. चीड येते ती याचीच. त्या लेकरांना ‘नीट मराठीत बोला’ म्हणून दटावण्यात माझी नोकरी गेली, आणि घरात बहिणीला काय म्हणता, हे मी एकदाही विचारलं नाही. बरं, कळल्यावर तरी काय केलं? मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा सांगून मोकळा झालो की घरच्या कामामुळं मुलीनं सोडलं. तेच आता अनुभव म्हणून माझ्यासमोर आलं.

बैठकीत मी उठून खरं काय ते सांगितलं. मुख्याध्यापक आता नवे आहेत. ते म्हणाले, गुरुजी, जुनं झालं, मनाला लावून घेऊ नका. पुढचा विषय सोबत्यांच्या बॅजचा होता. रंग कुठला घ्यायचा यावर बराच वेळ बोलणं झालं. तांड्याच्या मुलींचं तसंच राहिलं.

म्हणून काल तांड्यावर गेलो. ती मुलगी आता हिंगोलीला कॉलेजात जाते, सुट्टीला घरी आली होती. अंगणात तूर वाळत घातलेली. तिनं मला खुर्ची दिली, चहा दिला, स्वतः उभीच राहिली. मी म्हणालो की चूक माझी होती, आता नव्या सोबत्यांना चार गोष्टी सांगायला तू शाळेत ये. तू आलीस तर तांड्याच्या मुलींना कोणी नको म्हणणार नाही.

“बघते, गुरुजी,” ती म्हणाली. असं बघते म्हणण्याचा अर्थ मला कळतो.

तेवढ्यात ती टाकीमागची पोर, आता चांगली उंच झालेली, शेळ्या घेऊन आली आणि लांबूनच तिनं हाक मारली, “बाई!”

मुलीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पोरीला हळू आवाजात, पण मला कळावं असं मराठीत म्हणाली, “ताई म्हण.”

मी म्हणालो, अगं, बाईच म्हणू दे तिला. पोर आम्हा दोघांकडे बघत राहिली आणि कुठलीच हाक न मारता शेळ्या बांधायला गेली.