तारेने घेतलेला श्वास

मी रसायनशास्त्राचा माणूस. आमच्या गल्लीत कुणाच्या अंगात आलं की मी अमोनियाची बाटली घेऊन धावायचो आणि वर शिव्या खायचो! त्यामुळे पुढचं वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा... मीही हसलो असतो.

स्वातंत्र्याला आठ-दहा वर्षं झाली असतील. धुळ्यातल्या एका कॉलेजात मी डेमॉन्स्ट्रेटर होतो. माझे प्रोफेसर — सगळे त्यांना नाना म्हणत — पॅलेडियम आणि चांदीच्या मिश्रधातूवर काम करत होते. हा धातू हायड्रोजन पितो, पोटात साठवतो आणि तापवला की परत देतो. फक्त हायड्रोजन, दुसरा कुठलाही वायू तो घेत नाही. नानांनी जळगावच्या सोनाराकडून त्याची तार ओढून आणली होती, दागिना आणावा तशी रुमालात गुंडाळून.

मार्च महिन्यातली सकाळ, कॉलेजची प्रयोगशाळा. तार काचेच्या नळीत ठेवलेली. नळीचं खालचं तोंड पाण्यात, वर तोटी. पंप कुठला आमच्याकडे! गळती तपासायला नाना तोटीतून जोरात फुंकायचे आणि ती बंद करायचे. आतलं पाणी खाली ढकललेलं राहिलं, की नळी पक्की. त्या दिवशीही ते फुंकले आणि मग तोंडात लवंग टाकून मागच्या क्वार्टरमध्ये गेले.

पाणी चढू लागलं. गळती असती तर ते बाहेरच्या पातळीला थांबलं असतं. हे त्याच्याही वर चाललं होतं. हायड्रोजन तर अजून सोडलाच नव्हता... मग तार पीत काय होती?

तेवढ्यात क्वार्टरच्या खिडकीतून अक्का, नानांच्या पत्नी, अहिराणीत ओरडल्या, "भाऊ, यासले दम लागेल शे! बठ्ठ्या खिडक्या उघाड्या शेतस, तरी वारा पुरत नही!"

सगळ्या खिडक्या उघड्या आणि नानांना दम लागलाय? त्यांना कधी साधा खोकला नव्हता. त्यांची घरघर मला इथवर ऐकू येत होती — आणि प्रत्येक घरघरीला नळीतलं पाणी जरा वर सरकत होतं. डॉक्टरकडे धावायचं सोडून मी स्पिरिटचा दिवा पेटवला आणि तारेजवळ नळीला धरला.

तार तापली. पाणी खाली गेलं, बुडबुडे सुटले. मी त्यांच्यावर बरणी पालथी धरली. ती भरली, दुसरी भरली, तरी थांबेना. एवढं एका फुंकरीत मावतं? बरणीच्या तोंडाशी काडी नेली. हायड्रोजन असता तर फट् करून पेटला असता. काडी विझली. आणि वास आला... लवंगेचा.

पलीकडे घरघर थांबली होती. हा श्वास नानांचा, आणि मी तो बरण्यांत कोंडत होतो! मी तापलेली नळीच फोडून टाकली.

नाना वाचले. पुढच्याच आठवड्यात वर्गात तो शाळकरी प्रयोग होता: चुन्याच्या निवळीत फुंकायचं, ती दुधासारखी होते. कुणाच्याही श्वासाने होते. नाना फुंकत राहिले. निवळी स्वच्छच. मी ताजी निवळी दिली. तीही तशीच.

मुलं गेल्यावर त्यांनी हळू आवाजात विचारलं, "अरे, मग मी बाहेर सोडतोय ते काय?"