ठणठणीत

आमच्या वसईच्या सोसायटीतले एक काका पूर्वी रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये होते. हातोडीनं चाक ठोकायचं, आवाज ऐकायचा आणि तडा असेल तर त्यावर खडूनं फुली मारायची, हे त्यांचं काम. शेड कधीच मोडीत निघाली, हातोडी काकांकडे राहिली. आता ते लोकांच्या स्कूटरी ठोकतात, लिफ्टचं दार ठोकतात, सांडोरहून आलेला केळ्यांचा घडसुद्धा ठोकतात आणि खूश होऊन म्हणतात, "ठणठणीत!"

परवा जिन्यात त्यांनी माझ्या पाठीवर हळूच हातोडी वाजवली. कान लावला. पुन्हा वाजवली. नकारार्थी मान हलवली.

"काका, कालच माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत हो!"

"कागद वाजतो का?" म्हणाले, आणि खिशात खडू शोधायला लागले.