थोआ मावशीचा हात

व्हिएतनाममधल्या फान थिएतच्या बाजारात मी सूप-शेवया विकते, आणि वीस वर्षं त्यात थोआ मावशीच्याच वड्या घातल्या. चोर बोंबलाच्या. तळाच्या वाळूत दबा धरून बसणारा हा दातेरी मासा नुसता कोण खाणार, अंगभर काटे. चमच्यानं गर खरवडायचा आणि दगडी उखळात चिकटा धरेपर्यंत कुटायचा. मावशीची वडी बोटानं दाबली तरी पुन्हा फुगायची. नवरा गेल्यावर त्या उखळावरच तिनं मुलाला, खोईला वाढवलं, त्याचं लग्न केलं.

डोळे अधू झाले तसं खरवडणं सुनेकडं, लुआकडं गेलं. मावशी फक्त कुटायची. गेल्या वर्षी अचानक वड्या फुटायला लागल्या. तिनं दुप्पट कुटलं, खांदे सुजले, तरी भुगाच. मीच सगळ्यांसमोर म्हणाले, "मावशी, हात गेला तुमचा. माझ्या सुपाचा गाळ झालाय."

ती त्याच दिवशी उखळावरून उठली. नवऱ्याच्या श्राद्धालाही वड्या केल्या नाहीत. म्हणाली, "मेलेल्या माणसाला कशाला भुगा वाढू?" उखळाच्या जागी लुआनं यंत्र बसवलं.

एक दिवस लुआ गरात मिसळायची ते पीठ संपलं आणि यंत्राच्या वड्याही फुटल्या. यंत्राचं तर काही वय झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी लुआ माहेरी गेली, तशी मावशी चाचपडत किनाऱ्यावर गेली. टोपलीसारख्या विणलेल्या गोल होडीतून नुकताच उतरलेला मासा आणला, अंगणात पडलेलं उखळ धुतलं, अंदाजानंच गर खरवडला आणि कुटायला बसली. मी शेजारीच होते. थोड्याच वेळात गर मुसळाला असा चिकटला की सुटेना.

लुआ परतल्यावर मावशीनं माझ्यासमोरच वडी तिच्यापुढं ठेवली. "मला गर कसला द्यायचीस गं?"

"बर्फातल्या माशाचा. रोज पहाटे धक्क्यावर कोण जाणार?"

"त्याला चिकटा धरत नाही, ठाऊक होतं तुला?"

"होतं," लुआ म्हणाली. "पण आई, तुम्ही उखळावरून उठल्याशिवाय यंत्र कुठं ठेवणार होतो?"

खोई मोबाइलमध्ये बघत होता. "जाऊ दे ना, आई. वय झालंच होतं तुझं."

मावशी माझ्याकडं वळली. "घरचे ते घरचे. पण तू वीस वर्षं माझी वडी विकलीस. एकदा मासा बघायचा होतास."

मला लाज वाटली, अजून वाटते. वड्या मात्र मी लुआकडूनच घेते. पीठ असतं त्यांच्यात, सुपात फुटत नाहीत.