ठकीचा डावा डोळा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, फोनवर आईला नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. चार वर्षं झाली. तुम्हाला सांगतो, पण मुद्द्यावर यायला वेळ लावणार — पुण्याचा आहे, नमनाला घडाभर तेल लागणारच.

व्हर्जिनियात आमच्या हर्नडनहून पश्चिमेला तासभर ड्राइव्ह केलं की काकांचं बारा एकरांचं शेत लागायचं. काका मूळचे अमरावतीचे. जन्मभर रस्ते-पूल बांधले आणि रिटायर झाल्यावर, लोक फ्लोरिडात कॉन्डो घेतात, तर यांनी इतरांचे घोडे सांभाळायला शेत घेतलं. आता घोड्याच्या कुरणाचा सगळ्यात मोठा शत्रू कोण? ग्राउंडहॉग. आपली घूस मांजराएवढी फुगवा, झाला ग्राउंडहॉग. तो कुरणात बिळं करतो, धावत्या घोड्याचा पाय त्यात जातो, आणि पाय मोडलेल्या घोड्याला बहुतेक वेळा गोळीच घालावी लागते. म्हणून काकांनी कुत्री पाळली होती. जॅक रसेल आणि बॉर्डर टेरियरच्या संकराची — आखूड पायांची, राठ केसांची, बिळात शिरता येईल इतक्या अरुंद छातीची.

मराठी मंडळाच्या पॉटलक जेवणाला काकांशी ओळख झाली, एकदा शेत बघायला गेलो, आणि मग दर शनिवारी जायला लागलो. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. आठवडाभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि नावानिशी नोंदवायच्या. शनिवारी मात्र घाम, माती, कुत्री. मेधा — माझी बायको — म्हणायची, "उपास पण करतोस आणि हंटिंगला पण जातोस. मारुतीला कन्फ्यूज करतोयस यार."

काम कसं चालतं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. कुत्रीच्या गळ्यात ट्रान्समीटरची कॉलर बांधायची आणि तिला बिळात सोडायची. ती आत जाऊन ग्राउंडहॉगला कोपऱ्यात कोंडते आणि भुंकत राहते. आपण वर हातातली पेटी फिरवायची. कुत्री कुठे आहे, किती खोल आहे, ते पेटी सांगते. मग वरून सरळ खाली खणायचं. कुत्री बाहेर काढायची, आणि काका पॉइंट बावीसच्या छोट्या रायफलीनं एका गोळीत काम संपवायचे. त्यांना हाल केलेले खपत नसत.

आणि एक नियम होता. शेवटची फूटभर माती हातानं काढायची. फावडं बाजूला ठेवायचं, गुडघ्यावर बसायचं, बोटांनी माती उकरायची. कारण खाली कुत्री असते.

काकांकडे पाच कुत्री होती, पण ठकीची गोष्ट वेगळी. ठकी भिडायची नाही. हातभर अंतरावर उभी राहून तासन् तास भुंकायची, दात लावायची नाही, लावू द्यायची नाही. काका म्हणायचे, "धीट कुत्री पैशाला पासरी भेटतात. अक्कलवाली भेटत नाही." तिची पिल्लं अजून व्हायची होती, तरी पेनसिल्व्हेनियातल्या दोन डेअरीवाल्यांनी सांगून ठेवलेली. काका तिच्या डोक्यावरून हात फिरवत, तेव्हा मला — हसू नका — कुत्रीचा हेवा वाटे. काका मला असं कधी काही म्हणाले नव्हते. मला म्हणायचे, "पुणेकर, खणायचं असतं. बोलायचं नसतं."

दोन हजार चारचा जून असेल. कोठाराच्या मागच्या कुरणात ठकी बिळात होती, छान एकसुरात भुंकत होती. पेटीनं साडेतीन फूट दाखवलं. आम्ही आळीपाळीनं दोनेक फूट खणलं, तेवढ्यात कुणीतरी घोडा घेऊन आलं आणि काकांना फाटक उघडायला जावं लागलं. जाताना म्हणाले, "फूटभर राहिली की थांब. मी येतो."

मी थांबलो नाही.

का थांबलो नाही? घाई नव्हती. ठकी धोक्यात नव्हती. मला एवढंच हवं होतं की काका परत येतील तेव्हा खड्डा मोकळा झालेला असावा आणि त्यांनी म्हणावं, वा. बस, तेवढ्या एका 'वा'साठी. माती मऊ लागली तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही होतं, खरं सांगायचं तर. मी फावड्यावर पाय दिला, पातं एकदम आत गेलं, आणि भुंकणं बंद झालं.

किंचाळली नाही ती. नुसतं बंद झालं.

मग उकरलं हातांनी — आता काय उपयोग? ठकी कडेला टेकून उभी होती, डाव्या भुवईपासून गालापर्यंत सरळ चीर, आणि डोळा... डोळ्याचं नको सांगायला. पलीकडे हातभर अंतरावर ग्राउंडहॉग, अंग चोरून बसलेला. त्यानं तिला शिवलंही नव्हतं. तो माझ्या पायावरून उडी मारून कुंपणाकडे पळाला.

इथवर अपघात म्हणता येईल. गाढवपणाचा, पण अपघात. मी इतकी वर्षं लपवलं ते पुढचं.

मी ठकीला उचलून गवतावर ठेवलं. आणि आधी फावडं पुसलं. गवताचा मोठा जुडगा घेऊन, पात्याच्या दोन्ही बाजू, नीट. ती बाजूला धापा टाकत होती, तिच्या तोंडावरून रक्त गळत होतं, आणि मी फावडं पुसत होतो. मग काकांना हाक मारली.

काका धावत आले. "काय झालं?" एवढंच विचारलं त्यांनी. माझ्यावर संशयसुद्धा नव्हता त्या विचारण्यात.

"भिडली ती, काका."

तीन शब्द. काकांचा चेहरा पडला. जखमेमुळे तर पडलाच, पण त्याहून जास्त त्या शब्दांमुळे — ते मला तेव्हाच दिसलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी टाके घालताना म्हटलं, जखम फार सरळ रेषेत आहे. काकाच म्हणाले, "त्यांचे दात पटाशीसारखे असतात." आणि मी सुटलो. तेव्हा किती हलकं वाटलं म्हणून सांगू? आज त्याचीच जास्त लाज वाटते.

डोळा काढावा लागला. जखम भरल्यावर काकांनी तिचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशनही करून घेतलं. भिडणाऱ्या कुत्रीची वीण वाढवायची नाही, असा त्यांचा हिशेब. बरोबरच होता, फक्त ज्यावर बेतला होता ते खोटं होतं. डेअरीवाल्यांना त्यांनी स्वतः फोन करून नाही म्हणून सांगितलं. ठकीला पुन्हा बिळात सोडलं नाही. आम्ही बाकीची कुत्री घेऊन निघालो की ती जाळीला पुढचे पाय लावून उभी राहायची. रडायची नाही, बघायची. काका पाहुण्यांना सांगायचे, "लई गुणाची होती. एक दिवस डोकं फिरलं." मग माझ्याकडे बोट करायचे, "हा होता म्हणून वाचली." आणि मी मान खाली घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

तीन वर्षं मी ती शाबासकी खाल्ली. कामाच्या तोंडावर बोलायचं नाही, काकांची तब्येत बरी नाही, आता सांगून डोळा थोडाच परत येणार — माणसाला कारणांचा कधी तोटा नसतो.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला आणि काकांनी शेत विकलं. ते आता टेक्ससमध्ये प्लेनोला, लेकीकडे असतात. बाकीची कुत्री जिथे बिळातलं काम मिळेल अशा शेतांवर गेली. ठकीला कोण घेणार? काका म्हणाले, "तूच ने. तिच्यावर तुझाच हक्क आहे." मी तिला घेऊन गाडीत बसलो, तासभर गाडी चालवली, आणि तिच्याकडे एकदाही बघितलं नाही. ती खिडकीतून बाहेर बघत होती, उरलेल्या डोळ्यानं.

या एप्रिलमध्ये तिला फिरवायला जुन्या शेतावर नेलं. नवे मालक ओळखीचे आहेत. बांधाशी पोचलो आणि तिनं पट्ट्यातून मान सोडवून घेतली. बिळात गेली. कॉलर नाही, पेटी नाही. मी जमिनीला कान लावला तर खालून तेच भुंकणं, एकसुरी, शांत. मालकांचं फावडं कोठाराशी टेकवलेलं दिसत होतं. मी आणलं नाही. दगडानं आणि हातांनी उकरत बसलो, दोन तास, नखं फुटली. शेवटी भोक पडलं आणि आत ठकी दिसली — ग्राउंडहॉगपासून हातभर अंतरावर उभी. दात लावलेला नाही. अंगावर ओरखडा नाही.

मी तिला छातीशी धरून रडलो आणि हसलोही. तिला काही फरक पडला नाही, तिला परत आत जायचं होतं.

त्याच रविवारी काकांचा फोन आला. "ठकी कशी आहे?" पुरावा माझ्या मांडीवर झोपला होता, आणि मी म्हणालो, "मजेत आहे, काका." म्हणजे तो चान्सही घालवला.

म्हणून हे लिहायला बसलो. मंडळाच्या दिवाळी अंकात छापायला देतोय. तो अंक प्लेनोलाही जातो, आणि काका तो पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतात. तोंडानं बोलायची हिंमत नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. लपवून काय उपयोग? एवढं उतरवलं आणि छातीवरचं ओझं गेलं, हेही लपवत नाही. कित्येक दिवसांनी पोटभर जेवलो.

काका, ठकी भिडली नव्हती. कधीच भिडली नाही. तुम्ही फाटकाकडे गेलात, मी थांबलो नाही, आणि माझं फावडं तिला लागलं. तिची अक्कल शाबूत होती, आजही आहे. तुम्ही निवडलेली कुत्री बरोबरच होती.