गोंदणावर साबण

आमच्या पॅकिंग हॉलच्या बायका भेटल्या की निरोप घ्यायला तास जातो. एकीनं एक किस्सा काढला की दुसरीला दोन आठवतात. पिंपरीच्या माळावर औषधांचा एक छोटा कारखाना नवा नवा निघाला होता, तेव्हाचे हे. त्यातले निम्मे तर गोंदणाचेच!

*

हॉलच्या दारात पालेकरबाई हात तपासायच्या. आमच्या सुपरवायझर, पुण्याच्या, फार कडक. पिंपळे गुरवची सोनाबाई पहिल्या दिवशी कोपरापर्यंत हात धुऊन आली, तर म्हणाल्या, "अजून घासा. हिरवं दिसतंय." नोकरी नवी, म्हणून सोनाबाईनं हात लाल होईस्तोवर घासले. मग म्हणाली, "बाई, ह्ये मी मेल्यावर माज्यासंगंच जानार हाय. तुमच्या साबनाचं न्हाई ऐकायचं."

*

बाईंनी तिला लांब बाह्यांचा झगा दिला. दोन दिवसांनी त्यांचं लक्ष तिच्या हनुवटीवरच्या ठिपक्यांकडे गेलं. सोनाबाईनं शांतपणे विचारलं, "हितं बी बाही लावू का?"

आम्ही लेबलं चिकटवायच्या टेबलाखाली वाकून हसलो.

*

पुरुषांना मात्र कुणी काही बोलत नसे. फिटर मारुतीनं जत्रेत हौसेनं बायकोचं नाव हातावर गोंदून घेतलं होतं. एकदा तो गेटपास विसरला, तर वॉचमनपुढे हात धरून म्हणाला, "ह्यो बघा पास." वॉचमननं नाव वाचलं. "रखमाला आत सोडतो. तू घरी जा, राव."

*

मग एक दिवस सगळं हसू आटलं. दिल्लीहून पाहुणे येणार होते. मोठ्या साहेबांनी फर्मावलं, गोंदलेले हात औषधाजवळ दिसायला नकोत. सोनाबाईला सोमवारपासून अंगण झाडायला लावलं. विधवा बाई, दिराशी भांडून कामाला लागलेली, आणि हॉलमध्ये तिच्याइतका सफाईचा हात दुसरा नव्हता. मला फार वाईट वाटलं.

*

त्याच सोमवारी नवा नियम लागला. हॉलमध्ये बांगड्या नाहीत, घड्याळ नाही, पालेकरबाईंनासुद्धा. त्यांनी दारातच घड्याळाचा पट्टा सोडला. पट्ट्याखाली मनगटावर छोटंसं हिरवं तुळशीवृंदावन.

सोनाबाई खराटा घेऊन तिथंच उभी होती. तिनं खराटा भिंतीला टेकवला आणि साबणाची वडी बाईंच्या पुढे केली.

बाईंनी वडी घेतली. बराच वेळ मनगट धुतलं. मग म्हणाल्या, "सोनाबाई, पाहुणे यायच्या आत झगा घालून टेबलावर बसा. अर्ध्या बाह्यांचा."