खंडेनवमीला पुजलेली चरखी

मी जन्माचा भित्रा. हे आधीच सांगितलेले बरे, म्हणजे पुढे मी जे केले त्याचे कुणाला नवल वाटायला नको. पाण्याची भीती, कुत्र्यांची भीती, आणि मोठ्याने बोलणाऱ्या माणसाची तर विचारूच नका. दैव असे की ऐन पंचविशीत मला धारेला एका सरदारांच्या सिलेखान्यात नोकरी लागली, तलवारी आणि बंदुकांच्या मधोमध. सरदारांना सगळे सरकार म्हणत. त्यांचा आवाज हवेलीच्या तिसऱ्या चौकात ऐकू येई.

मूळचे आम्ही देवासचे. देवासला गाद्या दोन, त्यामुळे एका दरबाराने हाकललेला माणूस रस्ता ओलांडून दुसऱ्या दरबाराच्या दारी उभा राहतो, अशी आमच्याकडे थट्टा होती. धारेला ती सोय नव्हती. राहायची खोली हवेलीची, शिधा हवेलीच्या कोठीतला, आणि माझ्या जिवावर आई आणि नवी बायको. माझ्या आधीच्या कारकुनाच्या हातून मासे धरायच्या गळांना गंज चढला, तेव्हा त्याची वळकटी भर दुपारी दाराबाहेर फेकली गेली. ती उचलायला वाकलेला तो माणूस मी डोळ्यांनी पाहिला, कारण त्याच दिवशी मी त्याच्या जागी रुजू व्हायला आलो होतो. त्याने माझ्याकडे एकदा पाहिले आणि वळकटी खांद्यावर टाकली.

सरकारांना मासेमारीचा नाद महूच्या छावणीतल्या एका साहेबाने लावला. तो विलायतेला परतताना आपली सगळी पेटी सरकारांना भेट देऊन गेला. तिच्यात दोन काठ्या होत्या, एक पितळी चरखी होती, तिच्यावर गुंडाळलेला दीडशे हात रेशमी दोर होता आणि माशाला भुलवायचे धातूचे चमचे होते. पाण्यात फिरकी घेत जाणारा चमचा मोठ्या माशाला छोटी मासोळी वाटते. मी जन्मात मासा खाल्लेला नाही. पेटीला हात लावला की आई मला अंघोळीशिवाय चुलीकडे फिरकू देत नसे.

निगा कशी ठेवायची ते साहेबाच्या म्हाताऱ्या शिकाऱ्याने मला चार दिवस धारेत राहून शिकवले. बांबूच्या सहा पट्ट्या चिकटवून केलेली हलकी काठी तळ्यासाठी, भरीव लाकडाची जड काठी नदीसाठी. काठी भिंतीला टेकवून ठेवायची नाही, वाकते. पिशवीत घालून खुंटीला सरळ टांगायची. गढूळ पाण्यात पितळी चमचा, आणि तो चिंचेने लख्ख घासलेला. नितळ पाण्यात तांब्याचा, तो मात्र काळपटच राहू द्यायचा. दोराच्या टोकाला गळाआधी आतड्याची बारीक तात असते. ती बांधण्याआधी अर्धा तास भिजवायची, कोरडी बांधली तर शेवईसारखी मोडते. आणि रेशमी दोराचे उलटे. तो ओला राहिला की कुजलाच. नदीवरून आल्या आल्या सगळा उलगडून सावलीत वाळवायचा, मग दाराच्या कडीला अडकवून हात-हात ओढून पाहायचा.

जाताना म्हातारा म्हणाला, "मुंशीजी, एक बात गाँठ बाँध लो. डोर पानी में नहीं टूटती. घर में टूटती है, पानी में तो बस दिखाई देती है."

मी ती गाठ बांधली. भित्रा माणूस निगा चांगली ठेवतो, एवढा एक गुण भीतीत आहे. पावसाळाभर मी दर आठ दिवसांनी दोर उलगडत होतो, चरखीच्या आसाला तेलाचा थेंब देत होतो, गळांना मेण लावत होतो. रात्री अंथरुणावर पडलो की ती वळकटी दिसायची, आणि सकाळी उठून मी पुन्हा गळ पुसायचो.

मग खंडेनवमी आली. सिलेखान्यातली सगळी शस्त्रे पुजायची, हा घराण्याचा रिवाज. जाजमावर तलवारी, कट्यारी, बंदुका मांडल्या. त्या ओळीत काठ्या आणि चरखी मांडायची कल्पना माझीच. कुणी सांगितले नव्हते. सरकार खूश होतील एवढेच डोक्यात होते, आणि ते झालेही. "हेही शस्त्रच की," ते म्हणाले, आणि त्या नोकरीत प्रथमच माझ्याकडे पाहून हसले. पुरोहितांनी सगळ्यांवर पळीपळीने पाणी घातले, गंध लावले, हळदकुंकू वाहिले. चरखीवर जरा जास्तच पाणी पडले. ते दोराच्या वेढ्यांत झिरपताना मी पाहत होतो.

पुजलेल्या शस्त्राला दसऱ्याचे सीमोल्लंघन होईपर्यंत हात लावायचा नसतो. दीड दिवस. त्या दीड दिवसात मी सिलेखान्याच्या दारापर्यंत किती वेळा गेलो ते मोजले नाही. दोर उलगडावा तर देवाचा कोप, न उलगडावा तर सरकारांचा. दोन्ही भीती तराजूत घातल्या आणि देवाचे पारडे जड झाले. मी परत फिरलो.

दसऱ्यानंतर चरखी हातात घेतली तेव्हा वरचे वेढे पिवळट झाले होते. साठेक हात दोर मी उलगडला, धुतला, वाळवला, ओढून पाहिला. तो पक्का होता. त्याखालचे वेढे मी उलगडले नाहीत. वेळ नव्हता असे नाही. आत काय दिसेल याची भीती वाटली, हेच खरे. वरचा धड आहे म्हणजे खालचाही असणार, अशी मी मनाची समजूत घातली आणि वाळलेला दोर ओल्या वेढ्यांवर परत गुंडाळला. त्यानंतर महिनाभर चरखी पेटीतून काढली नाही.

कार्तिकात हुकूम आला. सरकार नर्मदेवर धरमपुरीला निघणार होते. तिथे महाशीर मिळतो, काठावरचे लोक त्याला बाडस म्हणतात. पेटी सांभाळायला मी बरोबर.

सकाळच्या उन्हात नाव डोहावर नेली. नावेत तिघेच होतो. पुढे सरकार जड काठी घेऊन, मध्ये मी पेटी पोटाशी धरून, मागे बांबू हातात घेतलेला नावाडी. माझ्याहून वयाने दुप्पट, सडपातळ माणूस. नावेत पाय ठेवताना माझा तोल गेला तेव्हा त्याने माझे कोपर धरले होते. नाव त्याची स्वतःची होती, आणि घाटावर प्रवासी पार करण्याचा हक्क त्याला सरकारांच्याच परवान्याने मिळालेला होता.

पाणी नितळ होते म्हणून मी तांब्याचा चमचा दिला. तात भिजवलेली होती. तिसऱ्याच फेकीला काठी वाकली आणि चरखी करकरत फिरू लागली. सरकारांचा चेहरा उजळला. मी माशाकडे पाहिलेच नाही, माझे डोळे चरखीवर होते. धुतलेला पिवळट दोर सरसर निघून गेला. साठ हात संपले. त्यानंतर मी कधी न पाहिलेला दोर बाहेर येऊ लागला, आणि त्यावर हातभर लांबीचा लाल डाग होता. कुंकू तिथे साचून राहिले होते.

डाग काठीच्या कड्यांतून वर चढला आणि पाण्यावर गेला. तुटला नाही. मासा दमला, सरकार चरखी फिरवू लागले, आणि तो लाल डाग परत माझ्यासमोर येऊन वेढ्यांत बसला. मी श्वास सोडला. तेवढ्यात मासा पुन्हा पळाला आणि डाग पुन्हा गेला, पुन्हा आला. तोंडात रामरक्षा होती, तिच्या ओळी खालीवर होत होत्या. सहज मागे वळलो तर नावाडीही त्याच डागाकडे पाहत होता. मग त्याने माझ्याकडे पाहिले.

तिसऱ्या वेळी दोर तुटला. आवाज फारसा झाला नाही. काठी सरळ झाली आणि डोह शांत झाला.

सरकारांनी काठी खाली ठेवली. मग हळू आवाजात त्यांनी विचारले, "दोर कसा तुटला?"

त्यांचा हळू आवाज मी त्याआधी ऐकलाच नव्हता, आणि तो मोठ्या आवाजाहून भयंकर होता. मला वळकटी दिसली, आई दिसली, बायको दिसली. तोंडातून निघून गेले, "खडकाला घासला असेल, सरकार."

मला फक्त स्वतःला वाचवायचे होते. दुसऱ्या कुणाचे नाव घ्यायचे माझ्या मनातही नव्हते. पण सरकार माझ्या डोक्यावरून मागे पाहू लागले. "खडक के पास नाव कौन ले गया?"

नाव खडकाजवळ गेलीच नव्हती. नावाड्याने एकदा माझ्याकडे पाहिले, मग खाली मान घालून, दगडाला घासल्याचे कबूल करत म्हणाला, "हाँ सरकार, भाटा से घिसाई गई होयगी. म्हारी चूक हे."

काठावर आल्यावर हुकूम झाला. दुसरा हुकूम होईपर्यंत याची नाव पाण्यात घालायची नाही. चार माणसांनी ती ओढून वाळूच्या वर, उन्हात उलटी टाकली. मी पेटीत तोंड घालून गळ पुसत बसलो होतो.

निघण्यापूर्वी हिंमत करून त्याच्याजवळ गेलो. तुटक्या दोराचे लाल टोक माझ्या मुठीत होते. विचारले, "तुमने देखा था. फिर क्यों नहीं बोले?"

तो म्हणाला, "मुंशीजी, तमारो मूंडो देख्यो थो म्हने. डूबता मनख को मूंडो असोज होय. उणी बखत पूछनो नी के गलती किकी हे. हाथ दई देनो." बुडत्या माणसाचा चेहरा त्याने ओळखला होता, आणि बुडत्याला चूक कुणाची ते न विचारता हात द्यायचा असतो. मग म्हणाला, "तम बाहर निकळी जाव, फेर म्हारे भी निकाळी लीजो."

मी बाहेर निघालो की त्यालाही बाहेर काढायचे, एवढेच त्याचे मागणे. मी हो म्हटले. धारेला पोचताच सांगतो म्हटले. पोचलो त्या दिवशी सरकारांचे डोके दुखत होते. दुसऱ्या दिवशी पाहुणे होते. तिसऱ्या दिवशी कसलेच कारण नव्हते, तरी मी गेलो नाही. असा शिशिर गेला, उन्हाळा गेला. मी दोर इतक्या निगुतीने सांभाळत होतो की सरकारांनी दोनदा शाबासकी दिली. प्रत्येक शाबासकीनंतर सांगणे आणखी अवघड झाले. झोपेत मला लाल डाग दिसायचा, कड्यांतून वर चढत जाणारा.

पुढल्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी चरखीवरचा दोर सोडवून घेतला आणि नुसती चरखी पुजेला मांडली. सरकारांनी पाहिले आणि विचारले, "दोर कुठे आहे?" त्या प्रश्नाला खोटे उत्तर मला सुचेना. मी त्यांच्या पायाशी बसलो आणि सगळे सांगितले. पाणी, कुंकू, न उलगडलेले वेढे, खडक, नावाडी. सांगून झाल्यावर वळकटी बांधायची तयारी मनाने केलीच होती.

सरकारांनी कपाळाला आठ्या घातल्या. "कुठला नावाडी?" ते म्हणाले.

त्यांना आठवतच नव्हते. मी धरमपुरी सांगितली, डोह सांगितला, तरी आठवेना. "मग घालू दे की नाव पाण्यात," ते म्हणाले, "मी कुठे नाही म्हणतोय." आणि पुरोहितांना उशीर का होतोय ते विचारायला निघून गेले.

दसरा होताच नाव पाण्यात घालायच्या परवानगीचा कागद सरकारांच्या शिक्क्याने करून घेऊन मी धरमपुरीला गेलो. नाव त्याच जागी उलटी पडलेली होती. उन्हाळ्याच्या उन्हाने फळ्या आकसून तडकल्या होत्या, पावसानेही त्या परत जुळल्या नव्हत्या, सांध्यांतून बोट आरपार जात होते. रेशमी दोर ओलीने मरतो तशी नाव कोरडीने मरते, हे मला कुणी शिकवले नव्हते. नावाडी घाटावर दुसऱ्यांच्या नावांतली पोती उतरवत होता. मी कागद पुढे केला. त्याने हात पुसले, कागद घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "निकळी ग्या, मुंशीजी?"