सायकलवरचा पाहुणा

संध्याकाळी पाय फिरले नाहीत की माझं डोकं फिरतं. हे निदान माझ्या बायकोचं, आणि ते खरं आहे. म्हणून कामासाठी कुठंही जायचं झालं तरी माउंटन बाईक सोबत घ्यायची, चाकं काढून पिशवीत भरायची आणि रेल्वेच्या बाकाखाली ढकलायची, असा माझा रिवाज. तिकीट तपासनीस आला की झोपेचं सोंग घ्यायचं.

त्या हिवाळ्यात कोहमाऱ्याजवळच्या एका राइस मिलमध्ये तांदळातला काळा दाणा वेगळा काढणारं मशीन बसवायला गेलो होतो. लॉजवर उतरतो म्हटलं, तर मिलमालकांनी ऐकूनच घेतलं नाही. "माझ्या मिलचा इंजिनेर लॉजवर कायले राहीन?" म्हणाले आणि थेट घरी घेऊन गेले. साठीचे, अंगानं आडवे, बोलायला तिखट. सगळं गाव त्यांना काकाजी म्हणायचं, मीही म्हणू लागलो.

संध्याकाळी हमाल घरी निघाले की मी हेल्मेट चढवून बाहेर. नवेगाव बांधच्या रस्त्याला लागलो की दोन्ही बाजूंना धान कापलेल्या शेतांच्या बांध्या, त्यांत रचलेले भाऱ्यांचे पुंजणे, मग जंगल, मग एखाद्या तलावाची मातीची उंच पाळ. पाळीवरची वाट म्हणजे माझ्यासारख्याला मेजवानीच. खड्डे, झाडांची मुळं, आणि ऐन वळणावर बसलेली, अजिबात न हलणारी म्हैस.

अडचण एकच होती. मला कुणी सुखानं सायकल चालवू देत नव्हतं. मागून आलेली प्रत्येक मोटरसायकल माझ्याजवळ हळू व्हायची.

"काय झालं जी? गाडी बंद पडली का?"

"नाही हो, सायकलनंच आलोय. फिरायला."

"सायकलनं? फिराले?" तो माणूस माझ्याकडे दयेनं बघायचा. "कोणाकडे उतरले?"

"काकाजींकडे," मी ऐटीत सांगायचो. तो "अस्सं" म्हणून निघून जायचा. त्या "अस्सं"चा अर्थ मला कळला तो एका रात्री, जेवताना.

"गावात लोक काय बोलून राहिले, मालूम आहे का तुमाले?" काकाजी म्हणाले. "मिल बसली म्हणतेत. पाहुण्याले साधी मोटरसायकल नाही देऊ शकला म्हणतेत."

मी मोठ्यानं हसलो. काकू हसल्या नाहीत. रविवारी त्यांच्या मुलीला बघायला नवेगाव बांधकडची मंडळी येणार होती. मुलगी शिक्षिका, मुलगा तिच्याच शाळेत शिक्षक, आणि दोघांचं मनानं कधीच ठरलेलं. अडून होतं ते मुलाच्या वडलांपाशी. ते चौकशीला फार कडक, चार ठिकाणी विचारल्याशिवाय हो म्हणणार नाहीत. आणि चार ठिकाणी विचारलं की मिल बसल्याचं ऐकू येणार. माझं हसू तिथंच विरलं.

सायकल पिशवीत भरून टाकतो म्हटलं, तर काकाजी भडकले. "बंद नका करू! सायकल नाही चालवली का तुमी दिवसभर सगळ्यायवर खेकसता. हमाल सांगून राहिले होते." मग त्यांनीच तोडगा काढला. मी त्यांची मोटरसायकल न्यायची, मागं सायकल बांधायची, आणि जंगल लागल्यावर कुणी बघत नाही असं पाहून सायकल सोडायची. एकदा तसंही केलं. दुसऱ्या दिवशी गावात बातमी, काकाजीच्या गाडीत पेट्रोल टाकायलाही काही उरलं नाही, पाहुणा परतीसाठी सायकल बांधून नेतो. तोडगा तिथंच संपला.

एवढं असूनही अंधार पडायला लागला की काकाजी गावच्या फाट्यावर हजर. कानाला मफलर, अंगावर शाल, हातात बत्ती. त्या रस्त्याला अस्वल निघतं म्हणे. माझ्या हँडलवरच्या दिव्यापुढे त्यांची बत्ती म्हणजे अगदीच काजवा.

"काकाजी, कशाला येता थंडीत? माझ्याकडे दिवा आहे ना."

"तुमाले रस्ता दिसते. मले तुमी कुठं दिसता?" असं म्हणून घरापर्यंत ते मला, सायकलला आणि अस्वलाला मिळून बोलत राहायचे.

रविवारी मी सायकल गोदामात पोत्यांमागं लपवली. मंडळी आली, पोहे झाले. मुलाचे वडील सडपातळ, कमी बोलणारे. चहाचा कप हातात घेऊन त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सायकलवाले पाहुणे हेच का?"

आतल्या दारापाशी बांगड्या वाजायच्या थांबल्या. काकाजींचा चेहरा उतरला. "त्यायले गाडी देऊन राहिलो होतो मी..." ते सांगू लागले.

मुलाच्या वडलांनी हात वर केला. "मी कोहमाऱ्याहून रोज याच रस्त्यानं घरी जातो. हे सायकल काऊन चालवतेत ते मले अजून नाही समजलं. पण तुमी थंडीत बत्ती घेऊन फाट्यावर उभे राहता, ते पाहून राहिलो. परक्याची इतकी काळजी ज्या घरी आहे, तिथची पोरगी मागाले आणखी कायची चौकशी करू?"

काकाजी खाकरले. मग आत तोंड करून ओरडले, "चाय आणा!" सगळ्यांचे कप भरलेले होते.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू करून दिलं आणि शेवटची चक्कर मारायला पाळीवर गेलो. मुद्दाम रेंगाळलो. परतताना बराच अंधार झाला होता. लांबून फाट्यावरचा तो पिवळा ठिपका दिसला. इतकी गावं फिरलो, लॉजच्या खोलीत परत आल्यावर मी आलोय की नाही हे चावी देणाऱ्यालाही ठाऊक नसायचं. मी हँडलवरचा दिवा बंद केला आणि त्या ठिपक्याकडे बघत पायडल मारत राहिलो.

"दिवा कायले बंद केला? पडसान ना!" काकाजी अंधारातून ओरडले.

"दिसतंय मला," मी म्हणालो, "तुम्ही बत्ती धरा तशीच."